ताशी दीडशे उल्का: बातमीतला आकडा आणि आपल्या आकाशातला हिशेब

डिसेंबरचा दुसरा आठवडा आला की एक बातमी दर वर्षी हमखास छापून येते. मिथुन राशीतून उल्कावर्षाव होणार असून ताशी १२० ते १५० उल्का दिसतील, असे तिच्यात म्हटलेले असते. ती वाचून पुष्कळ मंडळी गच्चीवर सतरंजी टाकून बसतात, तासाभरात त्यांना जेमतेम चार-पाच उल्का दिसतात आणि खगोलवाले दर वर्षी उगाच फुगवून सांगतात, अशी समजूत करून घेऊन ती झोपायला जातात. वास्तविक तो आकडा फुगवलेला नसतो. तो काही ठरावीक अटींखाली मोजलेला असतो आणि बातमी देताना त्या अटी गळून पडतात. त्या अटी समजून घेतल्या, तर आपल्या गावातून, आपल्या गच्चीवरून, रात्रीच्या कोणत्या वेळी किती उल्का दिसतील याचा बऱ्यापैकी अंदाज कोणालाही साध्या गुणाकार-भागाकाराने बांधता येतो.

या आकड्याला खगोलप्रेमींमध्ये झेडएचआर (झेनिथल अवरली रेट, म्हणजे खस्वस्तिकावरचा ताशी दर) म्हणतात. त्याची व्याख्या अशी: उल्का ज्या बिंदूतून येताना भासतात तो बिंदू बरोबर आपल्या डोक्यावर, म्हणजे खस्वस्तिकावर आहे, आकाश इतके काळोखे आहे की साडेसहाव्या प्रतीपर्यंतचे, म्हणजे अगदी अंधूक तारेही नुसत्या डोळ्यांना दिसतात, आणि ढग, डोंगर, झाडे किंवा इमारती यांचा कोणताही अडथळा नाही, अशा स्थितीत एका निरीक्षकाला एका तासात जितक्या उल्का दिसतील, तितका तो दर. या तिन्ही अटी एकाच वेळी पूर्ण होणे महाराष्ट्रात जवळजवळ अशक्य आहे, आणि इतरत्रही फारसे सोपे नाही. म्हणून हा दर म्हणजे निरनिराळ्या ठिकाणच्या निरीक्षणांची एकमेकांशी तुलना करता यावी यासाठी ठरवलेले एक समान माप आहे, हे प्रथम लक्षात घ्यावे.

उल्का म्हणजे काय, हे बहुतेक वाचकांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगतो. धूमकेतू किंवा काही लघुग्रह सूर्याभोवती फिरताना आपल्या कक्षेत बारीक कण मागे सोडतात. पृथ्वी वर्षातून एकदा त्या कणांच्या प्रवाहातून जाते, तेव्हा वाळूच्या दाण्यापासून वाटाण्यापर्यंतच्या आकाराचे हे कण प्रचंड वेगाने वातावरणात शिरतात. हवेच्या रेणूंशी होणाऱ्या टकरींमुळे ते तापून त्यांची वाफ होते आणि साधारण ८० ते १२० किलोमीटर उंचीवर क्षणभर प्रकाशाची रेघ उमटते. मिथुनेतील उल्कांचा वेग सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर असतो. नोव्हेंबरात सिंह राशीतून येणाऱ्या उल्कांचा वेग याच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला ७१ किलोमीटर असतो. त्यामुळे मिथुनेच्या उल्का त्या मानाने संथ वाटतात आणि नवख्या माणसालाही नीट पाहता येतात. जमिनीवर पडणारे दगड, म्हणजे अशनी, हे वेगळे प्रकरण आहे. लोणारचे विवर अशा मोठ्या आघाताने झालेले आहे, पण वार्षिक उल्कावर्षावातला दाणा जमिनीपर्यंत कधीच पोहोचत नाही, त्यामुळे उल्कावर्षावाच्या रात्री घाबरण्याचे काही कारण नाही.

आता पहिल्या अटीकडे येऊ. १८३३ सालच्या नोव्हेंबर महिन्यात, १२ आणि १३ तारखांच्या दरम्यानच्या रात्री, उत्तर अमेरिकेतून उल्कांचा असा वर्षाव दिसला की लोकांना जगबुडी झाली असे वाटले. त्या घटनेचा अभ्यास करताना डेनिसन ओल्मस्टेड या प्राध्यापकाने दाखवून दिले की सगळ्या उल्कांचे मार्ग मागे वाढवले, तर ते सिंह राशीतल्या एकाच भागात मिळतात. कण एकमेकांना समांतर येत असतात आणि रेल्वेचे समांतर रूळ जसे दूरवर एका बिंदूत मिळाल्यासारखे दिसतात, तसेच हे मार्गही आकाशात एका बिंदूत मिळाल्यासारखे दिसतात. या बिंदूला उद्गमबिंदू म्हणतात. डिसेंबरातल्या वर्षावाचा उद्गमबिंदू मिथुन राशीत, पुनर्वसू नक्षत्रातल्या कॅस्टर या ताऱ्याजवळ आहे. राशीतले तारे या कणांपासून कोट्यवधी पटींनी दूर आहेत, त्यामुळे राशीचे नाव फक्त दिशा सांगण्यापुरते असते. त्याचा मिथुन राशीच्या माणसांच्या भविष्याशी काडीचाही संबंध नाही, हेही दर डिसेंबरला सांगावे लागते.

उद्गमबिंदू डोक्यावर असेल, तर कण सरळ खाली येतात आणि आपल्यावरच्या वातावरणाच्या प्रत्येक चौरस किलोमीटरला त्यांचा पूर्ण वाटा मिळतो. तो बिंदू क्षितिजाकडे कलला की तेवढेच कण तिरपे येऊन मोठ्या क्षेत्रावर विखुरतात आणि आपल्या वाट्याला कमी येतात. किती कमी, ते उद्गमबिंदूच्या उंचीच्या कोनाच्या साइनवरून कळते. उंची ३० अंश असेल तर साइन अर्धा, म्हणून उल्काही निम्म्या. उंची ९० अंश असेल तर साइन एक, म्हणून उल्का पूर्ण.

येथे महाराष्ट्राचे भाग्य चांगले आहे. मिथुनेचा उद्गमबिंदू खगोलीय विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे ३३ अंशांवर आहे आणि मुंबई १९ अक्षांशावर आहे, म्हणून तो बिंदू मध्यमंडलावर, म्हणजे आकाशातल्या उत्तर-दक्षिण रेषेवर येतो तेव्हा मुंबईच्या क्षितिजापासून ७६ अंश उंच असतो. नागपुरातून तो आणखी दोन अंश वर आणि गोव्यातून तीन-चार अंश खाली दिसतो, म्हणजे सगळीकडेच तो जवळजवळ डोक्यावर येतो. मात्र रात्रीच्या वेळेचा हिशेब करायला हवा. १४ डिसेंबरच्या सुमारास हा बिंदू मुंबईत रात्री पावणेआठच्या आसपास उगवतो, दहा वाजता त्याची उंची २८ अंश असते, मध्यरात्री ५३ अंश होते आणि पहाटे अडीचच्या सुमारास तो सर्वांत उंच असतो. साइनच्या भाषेत सांगायचे तर दहा वाजता मूळ दराच्या ४७ टक्के, मध्यरात्री ८० टक्के आणि अडीच वाजता ९७ टक्के उल्का आपल्या वाट्याला येतात. जेवण आटोपून नऊ वाजता गच्चीवर जाऊन साडेदहाला खाली येणाऱ्यांची निराशा का होते, याचे निम्मे उत्तर येथेच आहे. विदर्भात हा क्रम मुंबईपेक्षा वीस-पंचवीस मिनिटे आधी घडतो, कारण नागपूर पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र देशभर एकच आहे.

ऑगस्टमधल्या ययाती तारकासमूहातील वर्षावाचे कौतुक युरोप-अमेरिकेतल्या मासिकांत फार वाचायला मिळते आणि ते पाहून आपल्याकडेही त्याच्या बातम्या येतात. त्या वर्षावाचा उद्गमबिंदू मात्र ५८ अंश उत्तरेला आहे, त्यामुळे मुंबईतून तो पहाटेपर्यंतही पन्नास अंशांच्या आसपासच पोहोचतो. शिवाय त्याचा परमोच्च काळ १२-१३ ऑगस्टला, म्हणजे ऐन श्रावणाच्या ढगांत येतो. माझे स्पष्ट मत असे आहे की कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या माणसाने त्यासाठी रजा काढू नये. पाश्चात्त्य दिनदर्शिका जशीच्या तशी उचलण्यापेक्षा आपल्या अक्षांशाला आणि आपल्या ऋतूंना सोयीचे वर्षाव निवडावेत, आणि त्यांत डिसेंबरचा हा वर्षाव निःसंशय पहिला येतो.

दुसरी अट काळोखाची आहे, आणि खरे नुकसान तीच करते. ताऱ्यांची तेजस्विता प्रतीत मोजतात आणि प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा अंधूक. ध्रुवतारा साधारण दुसऱ्या प्रतीचा आहे. सप्तर्षींमधला सर्वांत अंधूक तारा अत्री ३.३ प्रतीचा आहे. निर्मळ, काळोख्या आकाशात नुसत्या डोळ्यांना साडेसहाव्या प्रतीपर्यंत दिसते, तर मोठ्या शहराच्या उपनगरातून चौथ्या प्रतीपर्यंत दिसले तरी पुष्कळ झाले. उल्कांच्या बाबतीत अडचण अशी की प्रवाहात मोठे दाणे थोडे आणि बारीक दाणे फार असतात. मिथुनेच्या वर्षावात एक प्रत अंधूक झाले की उल्कांची संख्या सुमारे २.६ पट होते, असे निरीक्षणांतून आढळले आहे. हेच उलटे वाचावे: आकाश एका प्रतीने उजळले की दिसणाऱ्या उल्का २.६ पटींनी घटतात, दोन प्रतींनी उजळले की जवळजवळ सातपटींनी घटतात आणि अडीच प्रतींनी उजळले की सुमारे ११ पटींनी घटतात.

आता हिशेब मांडू. मूळ दर ताशी १५० धरला आणि आपण मध्यरात्री, चौथ्या प्रतीपर्यंतच दिसणाऱ्या उपनगरात उभे असलो, तर १५० ला ११ ने भागून साधारण १४ उरतात. त्यांचे ८० टक्के म्हणजे ११. शेजारच्या इमारतींनी निम्मे आकाश झाकले असेल, तर उरतात पाच-सहा. बातमीत दीडशे, गच्चीवर पाच, आणि दोन्ही आकडे बरोबर! त्याच रात्री, त्याच वेळी, साडेपाचव्या प्रतीपर्यंत दिसणाऱ्या एखाद्या गावी मोकळ्या माळावर बसलेल्या माणसाचा हिशेब १५० भागिले २.६, म्हणजे ५८, आणि त्यांचे ८० टक्के म्हणजे ४६ असा येतो. पाचाचे शेहेचाळीस करायला दुर्बीण लागत नाही, फक्त प्रवास लागतो. दुर्बीण येथे उलट अडथळाच ठरते, कारण उल्का कोठे उमटेल हे आधी सांगता येत नाही आणि दुर्बिणीतून आकाशाचा अगदी छोटा तुकडा दिसतो.

मुंबईच्या हौशी मंडळींनी वर्षानुवर्षे रात्रभराच्या आकाशदर्शनासाठी वांगणीची वाट का धरली, याचे कारण हा काळोखच आहे. पुण्यात १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्थाही आपल्या सभासदांना आकाशदर्शनासाठी शहराबाहेर नेते. दुर्दैवाने शहरांचा प्रकाश आता फार लांबवर पसरतो आणि एकेकाळी काळोखी मानलेली ठिकाणेही दर वर्षी थोडीथोडी उजळत आहेत. त्या पार्श्वभूमीवर पेंच व्याघ्रप्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत देशातील पहिले काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, ही विदर्भासाठी मोलाची गोष्ट आहे.

चंद्राचा परिणामही याच अटीत मोडतो. पौर्णिमेच्या आसपास गावाकडचे आकाशही शहरासारखेच उजळते. २०२४ मध्ये पौर्णिमा १५ डिसेंबरला होती आणि त्या वर्षीचा वर्षाव जवळजवळ पूर्ण चंद्राने धुऊन नेला. बातमीतला आकडा मात्र त्या वर्षीही तोच होता, कारण व्याख्येत चंद्र येतच नाही.

हा आकडा येतो कोठून, हे कळले की खगोलप्रेमींना त्यात रस घेण्याचे आणखी एक कारण मिळते. इंटरनॅशनल मीटिअर ऑर्गनायझेशन ही १९८८ साली स्थापन झालेली संस्था जगभरच्या निरीक्षकांनी डोळ्यांनी मोजलेल्या उल्कांच्या नोंदी गोळा करते, आणि त्या निरीक्षकांपैकी बहुसंख्य आपल्यासारखेच हौशी असतात. प्रत्येकाच्या नोंदीला वर सांगितलेल्या दुरुस्त्या उलट्या दिशेने लावतात: मोजलेल्या संख्येला उद्गमबिंदूच्या उंचीच्या साइनने भागतात, प्रतीच्या कमतरतेनुसार २.६ च्या पटींनी गुणतात आणि आकाशाचा जो भाग झाकलेला असेल त्याचीही भरपाई करतात. मग सगळ्यांची सरासरी घेऊन तासातासाचा आलेख तयार होतो. म्हणजे दीडशेचा आकडा कोणत्या तरी वेधशाळेतून उतरलेला नसून अशाच सतरंज्यांवर झोपून मोजलेल्या उल्कांचा तो सार आहे. पृथ्वीच्या ज्या रेखांशांवरून निरीक्षक कमी असतात, तेथे त्या आलेखात पोकळी राहते, म्हणून भारतातून झालेली शिस्तशीर नोंद संशोधनाच्या दृष्टीने खरोखर उपयोगी पडते.

शिस्त म्हणजे काय, तर सुरुवातीची आणि शेवटची वेळ मिनिटासह लिहावी, मध्ये चहासाठी उठलो तर तेवढी मिनिटे वजा करावीत आणि किती प्रतीपर्यंत दिसते ते दर अर्ध्या तासाने तपासावे. तपासण्यासाठी आकाशातले काही त्रिकोण ठरवून दिलेले आहेत, त्यांतले दिसणारे तारे मोजून तक्त्यावरून प्रत काढता येते. अगदी ढोबळ अंदाज हवा असेल, तर कृत्तिकेचे सहा तारे सुटे दिसले की आपण सव्वाचार प्रतीच्या पलीकडे आहोत, असे समजावे. डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा उघडला की ती सवय मोडते, त्यामुळे नोंद कागदावर, मंद लाल उजेडात करावी. नजर थेट उद्गमबिंदूवर न ठेवता त्याच्यापासून ३० ते ४० अंश दूर ठेवावी, कारण बिंदूजवळच्या उल्का आपल्याकडे तोंड करून येत असल्याने त्यांच्या रेघा आखूड दिसतात.

प्रत्येक उल्का मिथुनेचीच असते असेही नाही. कोणत्याही रात्री प्रवाहाबाहेरच्या तुरळक उल्का पडतच असतात. उल्केची रेघ मनातल्या मनात मागे वाढवावी. ती कॅस्टरजवळ पोहोचत नसेल, तर तिची नोंद वेगळ्या रकान्यात करावी. सर्वांत मोठा गोंधळ गटात होतो. दहा जण वर्तुळात झोपतात, एक जण ओरडतो, सगळे ती उल्का आपापल्या खात्यात टाकतात आणि सकाळी ‘आम्ही चारशे पाहिल्या’ अशी बढाई ऐकू येते. व्याख्या एका निरीक्षकाची आहे, म्हणून प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली उल्काच मोजावी आणि दुसऱ्याच्या आरोळीनंतर मान वळवून पाहिलेली सोडून द्यावी.

कृत्रिम उपग्रहांचे अवशेषही फसवतात. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून जळत जाणाऱ्या तुकड्यांची लांबलचक माळ दिसली आणि अनेकांनी तिला उल्कावर्षाव म्हटले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात त्यानंतर धातूची मोठी कडी सापडली. ते चिनी रॉकेटच्या वापरलेल्या टप्प्याचे अवशेष असल्याचे तज्ज्ञांचे मत पडले. फरक ओळखणे सोपे आहे. कक्षेतून कोसळणारी वस्तू सेकंदाला आठ किलोमीटरपेक्षा कमी वेगाने येते, आकाश ओलांडायला तिला बराच वेळ लागतो आणि तिचे सुटे तुकडे एकामागून एक चाललेले दिसतात. उल्का बहुधा सेकंदाच्या आत संपते.

असे मोजून काय साधते, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मिथुनेच्याच वर्षावाने दिले आहे. हा वर्षाव प्रथम १८६२ च्या सुमारास लक्षात आला, आणि तेव्हा त्यात ताशी पंधरा-वीस उल्काच दिसत असत. गेल्या दीडशे वर्षांत तो वाढत वाढत आजच्या दरापर्यंत पोहोचला, कारण गुरूच्या गुरुत्वाकर्षणाने कणांचा प्रवाह हळूहळू सरकतो आहे आणि पृथ्वी त्याच्या अधिकाधिक दाट भागातून जाऊ लागली आहे. ही वाढ आपल्याला ठाऊक आहे, ती पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी डिसेंबरच्या थंडीत मोजत बसले म्हणून.

त्या प्रवाहाचा जनक मात्र १२० वर्षे सापडत नव्हता. इतर मोठ्या वर्षावांचे धूमकेतू एकामागून एक ओळखले गेले. ययातीतील वर्षावाचे नाते स्विफ्ट-टटल धूमकेतूशी जियोव्हानी स्कियापारेल्ली यांनी १८६६ मध्येच जोडले होते. मिथुनेसाठी धूमकेतू मिळेना. १९८३ मध्ये आयरास या अवरक्त दुर्बीण वाहणाऱ्या उपग्रहाच्या प्रतिमांत एक लघुग्रह सापडला आणि त्याची कक्षा या प्रवाहाशी जुळते, हे फ्रेड व्हिपल यांनी लगेच दाखवून दिले. पाच-सहा किलोमीटर व्यासाचा हा फेथॉन ५२४ दिवसांत सूर्याभोवती फेरी मारतो आणि सूर्यापासून दोन कोटी दहा लाख किलोमीटरपर्यंत, म्हणजे बुधाच्याही पुष्कळ आत जातो. तेथे त्याचा पृष्ठभाग ७०० अंश सेल्सियसच्या वर तापतो. सूर्याजवळ असताना त्याला छोटी शेपटी फुटते, पण ती धुळीची नसून सोडियमच्या वाफेची आहे, असे २०२३ साली सूर्याचा वेध घेणाऱ्या यानांच्या प्रतिमांवरून दिसून आले. मग वर्षावातले एवढे दाणे आले कोठून? सूर्याजवळून जाणाऱ्या पार्कर सोलर प्रोब या यानाच्या निरीक्षणांवर आधारलेल्या अभ्यासाचा कल असा आहे की धूमकेतूसारखी सावकाश झीज येथे पुरी पडत नाही, भूतकाळात फेथॉनवर टक्कर किंवा स्फोटासारखी एखादी झटपट घडलेली घटना असावी. तो गुंता सोडवण्यासाठी जपानची अंतराळ संस्था डेस्टिनी प्लस हे यान फेथॉनजवळून नेणार आहे. मूळ योजनेतल्या एप्सिलॉन एस रॉकेटच्या चाचण्या फसल्यामुळे ते प्रक्षेपण काही वर्षे लांबले आहे.

ज्यांना स्वतः मोजून पाहायचे आहे, त्यांच्यासाठी २०२६ चे वर्ष सोयीचे आहे. अमावास्या ९ डिसेंबरला असल्याने १४ डिसेंबरच्या रात्री चंद्राची कोर अकराच्या आत मावळलेली असेल, आणि उद्गमबिंदू वर चढण्याची वेळ पूर्ण काळोखात मिळेल. मध्यरात्र ते पहाटे चार हा काळ धरून बसावे. एकाच रात्रीवर भिस्त ठेवू नये, कारण या वर्षावाचा जोर परमोच्च क्षणाच्या आधीच्या रात्रीही चांगला असतो. २०२७ मध्ये पौर्णिमा नेमकी १३ डिसेंबरला येते, त्यामुळे त्या वर्षी फक्त ठळक उल्का आणि अग्निगोल मोजता येतील.